धडधाकट माणसाची सफरचंदं

त्या काळी म्हैसूरच्या अग्रहारात, म्हणजे आमच्या ब्राह्मणवस्तीत, सफरचंद घरात यायचं ते एकाच कारणानं. घरात कोणीतरी अंथरुणाला खिळलेलं असायचं. केळी रोजची, आंबे-फणस मोसमातले. पण सफरचंद म्हणजे आजार. सिमल्याहून पेंढ्यात गुंडाळून येणारं ते फळ देवराज मार्केटात मोजक्याच दुकानांत मिळे आणि ते घेऊन बाहेर पडणाऱ्या माणसाचा चेहरा बहुधा उतरलेलाच असे. हे १९६४ सालच्या आसपासचं सांगतोय.

वेदवतीला मात्र सफरचंद हवं होतं, आणि तिला काहीही झालेलं नव्हतं.

लहानपणी तिला विषमज्वर झाला होता आणि बरेच दिवस ती इस्पितळात होती. तिथली एक केरळी नर्स रोज दुपारी एनॅमलच्या वाडग्यात साखरेच्या पाण्यात शिजवलेल्या सफरचंदाच्या फोडी आणून द्यायची. फोडी मऊ, पाणी गुलाबीसर, वर एक लवंग. त्या दुखण्यातलं बाकी सगळं वेदवती विसरली, हे नाही विसरली. बरी होऊन घरी आल्यावर तिनं वडिलांकडे, हयग्रीवरावांकडे, त्या फोडी मागितल्या. "बरी झालीस ना आता? मग इडली खा," असं म्हणून त्यांनी विषय मिटवला. पुढे तिनं पोटात दुखतंय असं सांगूनही पाहिलं. त्यावर एरंडेल मिळालं.

लग्न होऊन ती गुरुराजच्या घरी आली. गुरुराज हायस्कुलात गणित शिकवायचा. उंच, किडकिडीत, स्वभावानं सरळ. खोटं बोलणं त्याला जमायचं नाही, कान लाल व्हायचे, आणि नुसता लाजला तरी व्हायचे. त्यामुळे तो खोटं बोलतोय की नुसता लाजतोय हे लोकांना कळायचं नाही.

कार्तिकातल्या एका शनिवारी दुपारी तो वह्या तपासत बसला होता, तेव्हा वेदवती समोर येऊन उभी राहिली.

"अहो, मला एक हवंय."

"काय?"

"सफरचंदं. शिजवून खायला."

गुरुराजनं वही मिटली आणि उठून तिच्या कपाळाला हात लावला.

"ताप नाहीय मला," वेदवती म्हणाली. "मला काही झालेलं नाही. धडधाकट असताना खाऊन बघायचीत. एकदाच."

गुरुराजनं थोडा विचार केला. फळ खाण्याजोगं आहे, बायकोला खावंसं वाटतंय, दात शाबूत आहेत. या हिशेबात त्याला चूक काही सापडेना. त्यानं चपला घातल्या.

मार्केटातल्या फळवाल्यानं त्याच्याकडे बघून आवाज खाली आणला. "यारिगे हुषारिल्ला, स्वामी?" कोणाला बरं नाही, म्हणून.

"कोणालाच नाही," गुरुराज कन्नडात म्हणाला. "खायला हवीत."

फळवाल्यानं मान हलवली आणि स्वतः एकेक फळ दाबून, हुंगून चांगली सहा सफरचंदं निवडून दिली. वर, "देव आहे," असंही म्हणाला.

चूक झाली ती पिशवीची. वेदवतीनं जाळीची पिशवी दिली होती. तिच्यातून सफरचंदं साऱ्या जगाला दिसत होती. गल्लीच्या तोंडाशी अंबुबाई आपल्या ओट्यावर वाती वळत बसल्या होत्या. गुरुराजला त्या लंगोटात असल्यापासून ओळखत. त्यांची नजर आधी पिशवीवर गेली, मग त्याच्या तोंडावर.

"पाप, कोणाला रे?" आमच्याकडे पाप म्हणजे बिचारा, पुण्याकडच्या पाहुण्यांचा यावर नेहमी गोंधळ होतो.

"कोणाला काही नाही, अंबक्का. असंच. खायला."

"सुम्ने?"

"सुम्ने."

"सुम्ने कोणी सफरचंद आणतं काय?" अंबुबाई म्हणाल्या. उगाच कोणी सफरचंद आणत नाही हे गुरुराजलाही माहीत होतं. बायकोला खावीशी वाटली हे भर रस्त्यात कसं सांगायचं, या विचारानं त्याचे कान लाल झाले. अंबुबाईंनी कान पाहिले आणि त्यांना कळायचं ते कळलं. पोरगा काहीतरी लपवतोय. म्हणजे दुखणं त्याचंच, आणि बायकोला सांगितलेलं नाही.

"जा, जा," त्या हळुवारपणे म्हणाल्या. "उन्हात उभा राहू नकोस."

ऊन केव्हाच उतरलं होतं.

घरी वेदवतीनं सगळी तयारी करून ठेवली होती. तिला कृती अशी कोणी दिली नव्हती. नर्सनं द्यायचं काम केलं, सांगायचं केलं नाही. पण वेदवतीनं आठवून आठवून मनाशी बसवली होती. तीन सफरचंदं तिनं सोलली, चार-चार फोडी केल्या, मधलं बियांचं काढून टाकलं. फोडी पातेल्यात एका थरात मांडल्या, बुडतील न बुडतील इतकं पाणी, साखर, दोन लवंगा, दालचिनीची काडी, वर लिंबाची साल. मग स्टोव्ह बारीक केला आणि झाकण ठेवलं. वास सुटायला लागला तशी ती पाटावर बसून राहिली. डाव हातात होता, पण ढवळायचं नाही हे तिनं ठरवलं होतं. फोडी मोडल्या असत्या.

एवढ्यात, गुरुराज मागच्या अंगणात असताना, अंबुबाई आल्या. पदराखाली दोन सफरचंदं होती. घरात कोणासाठी तरी आणलेली असावीत.

"वेदा, जरा बाहेर ये. तुझ्याशी एकटीशी बोलायचंय."

वेदवती बाहेरच्या खोलीत आली. अंबुबाईंनी तिचा हात हातात घेतला आणि आधी आपल्या जावेच्या नवऱ्याला काय झालं होतं ते सांगितलं. मग जावेला काय झालं ते. मग त्या दोघांना कोणकोणत्या वैद्यांनी काय काय दिलं ते. वेदवती मान डोलवत होती आणि एक डोळा स्वयंपाकघराकडे ठेवून होती.

"अंबक्का, पातेलं ठेवलंय मी..."

"राहू दे गं पातेलं. माणूस महत्त्वाचं. तुला त्यानं काही सांगितलंय का?"

"कशाबद्दल?"

"म्हणजे नाहीच सांगितलं," अंबुबाई म्हणाल्या आणि डोळे पुसले. "मी म्हणत नाही की वाईटच असेल म्हणून. तुलाच दिवस राहिले असते तर गोष्ट वेगळी. पण मग चिंच आणली असती त्यानं, सफरचंद नसतं आणलं."

या बोलण्याचा अर्थ लागेपर्यंत करपल्याचा वास आला. वेदवती धावली. पाणी आटून साखरेचा काळा डिंक झाला होता आणि फोडी तळाला चिकटल्या होत्या. घरभर धूर.

अंबुबाई गेल्यावर वेदवती म्हणाली, "अजून तीन आहेत. शिवाय अंबक्कांची दोन. पातेलं मात्र घासायला हवं."

"मी घासतो," गुरुराज म्हणाला. त्यानं बनियनवर मागच्या अंगणात बसून राख आणि नारळाची शेंडी घेऊन पातेलं घासायला घेतलं. साखरेचा डिंक सुटता सुटत नव्हता. घाम पुसताना राख कपाळाला लागली, मग गालांना लागली. धुरानं डोळे आधीच लाल झाले होते. तेवढ्यात दार वाजलं, आणि वेदवतीचा हात दुसऱ्या पातेल्यात असल्यामुळे दार त्यानंच उघडलं.

दारात हेडमास्तर जगन्नाथराव उभे होते. काखेत छत्री, हातात कागदाची पिशवी. जगन्नाथरावांनी गुरुराजला शाळेत शिकवलं होतं आणि मग त्याच शाळेत नोकरीला लावलं होतं. माणूस अत्यंत प्रेमळ. पण कित्येक वर्षं वर्गात बोलण्याची सवय झाल्यानं समोरच्याचं ऐकून घ्यायची सवय गेलेली.

"गुरुराज," ते म्हणाले, "चेहरा काय झालाय तुझा."

"राख आहे, सर."

"तेच म्हणतोय मी. अगदी राखेसारखा." त्यांनी छत्री भिंतीला लावली आणि त्याच्या कपाळाला हात लावला. पातेलं घासून घासून कपाळ तापलेलंच होतं. "अंबुबाई म्हणाल्या तेव्हा मला वाटलं, बायकांचं काहीतरी. आडवा हो."

"सर, मला काहीही झालेलं नाही."

"माझा मेहुणा अगदी हेच म्हणत होता."

"मग?"

"मग काय," जगन्नाथराव छताकडे बघत म्हणाले. "आता बंगळूरला असतो. आडवा हो."

जगन्नाथरावांनी आडवा हो म्हटल्यावर उभं राहणं गुरुराजला कधी जमलं नव्हतं. शाळेत असताना ते उभा राहा म्हणाले की तास संपेपर्यंत तो बाकावर उभा राही. त्यानं चटई पसरली. जगन्नाथरावांनी कोपऱ्यातली कांबळी त्याच्या गळ्यापर्यंत ओढली आणि उशाशी पाट घेऊन बसले.

"सोमवारचे तुझे तास ड्रिल मास्तरांना दिलेत. भूमिती सोडून बाकीचं ते बघतील."

"सर, खरंच सांगतो. वेदवतीला शिजवलेली सफरचंदं खावीशी वाटली, म्हणून आणली."

"तिला?"

"हो."

जगन्नाथराव हळहळले. "किती सांभाळून घेतोस तिला," ते म्हणाले. "अरे, दात असलेलं माणूस सफरचंद शिजवून खाईल का? काही बोलू नकोस. शक्ती जपून ठेव."

नेमक्या त्या वेळी वेदवती वाडगा घेऊन बाहेर आली. पाच सफरचंदांची ही दुसरी खेप सुरेख जमली होती. फोडी मऊ होत्या पण मोडल्या नव्हत्या, पाणी गुलाबीसर आणि वर लवंग तरंगत होती. नवऱ्याला दाखवून मग दोघांनी खायला बसायचं, एवढाच तिचा बेत होता. जगन्नाथरावांनी वाडगा तिच्या हातातून घेतला.

"शाबास," ते म्हणाले. "वेळेवर आणलंस. चमचा?"

आणि मग त्यांनी गुरुराजला भरवलं. "आ कर," म्हणत, फुंकर घालून, एकेक फोड. गुरुराज आ करायचा आणि वेदवतीकडे बघायचा. वेदवती दाराच्या चौकटीला टेकून फोडी जाताना बघत राहिली. शेवटची लवंगही त्यांनी त्याला चघळायला लावली. मग पातेल्यात राहिलेलं मागवलं आणि तेही भरवलं.

"अजून भूक आहे. चांगलं लक्षण आहे," असं म्हणून ते उठले. कागदाच्या पिशवीतली चार सफरचंदं उशाशी ठेवून निघून गेले.

गुरुराज कांबळी बाजूला सारून उठून बसला.

"कशी होती?" वेदवतीनं विचारलं.

"चांगली होती," गुरुराज म्हणाला, आणि तिचा चेहरा पाहून, "फार काही नाही. बरी होती," असंही म्हणाला. त्याचे कान लाल झाले.

वेदवती कांबळी घडी करून ठेवायला लागली. मग तिला एकाएकी हसू आलं, आणि ते आवरेना. गुरुराजही हसायला लागला. शेजारच्या घरात ते ऐकू गेलं, आणि दोघं रडतायत असं तिथून पुढे कळवण्यात आलं.

अंबुबाईंचा एक भाचा कृष्णराजनगरला जाणाऱ्या शेवटच्या बसवर कंडक्टर होता. कृष्णराजनगर म्हणजे गुरुराजच्या थोरल्या भावाचं, नरसिंहरावांचं गाव. कावेरीच्या पाण्यावर त्यांची भातशेती होती. या भावाशी गुरुराजचं बोलणं बंद होतं, आणि त्याचं कारण असं. गुरुराजच्या लग्नात फोटोग्राफर आला होता. नरसिंहराव नवा जरीचा पेटा बांधून, मिशीला तूप लावून ओळीच्या टोकाला ताठ बसले. फोटो तयार होऊन आला तेव्हा त्यात दोन्हीकडची सगळी मंडळी होती, दारातली कुंडी होती, एक कुत्रंही होतं. नरसिंहरावांचं मात्र फक्त कोपर होतं. ते फोटो हातात घेऊन बराच वेळ उभे राहिले, आणि त्यांचं मन राखावं म्हणून गुरुराज म्हणाला, "असू दे अण्णा, कोपर तरी चांगलं आलंय." नरसिंहराव त्याच दिवशी गावी गेले. त्यानंतर ना येणं ना जाणं.

त्या शनिवारी रात्री बसच्या कंडक्टरनं त्यांना उतरून सांगितलं, की गुरुराज फक्त सफरचंदाच्या पाण्यावर आहे.

रविवारी सकाळी वेदवतीनं दार उघडलं तेव्हा ओट्यावर सफरचंदं होती. जगन्नाथरावांनी संध्याकाळच्या फेरफटक्यात भेटेल त्याला सांगितलं होतं, आणि विद्यार्थ्यांच्या आई-वडिलांनी येऊन, रुग्णाला त्रास नको म्हणून दार न वाजवता, फळं ठेवून जायचा शहाणपणा केला होता. देवराज मार्केटात त्या दिवशी सफरचंद उरलं नसेल. गुरुराजनं टोपलीत भरली तर टोपली भरून वर उरली.

"परत करायला हवीत," तो म्हणाला.

"कोणाला? नावं थोडीच लिहिलीत त्यांच्यावर," वेदवती म्हणाली. तिनं माळ्यावरून सणासुदीचं मोठं पातेलं काढलं, पदर खोचला आणि विळी घेऊन बसली. गुरुराज सोलायला बसला. सालांचा ढीग झाला. वेदवतीनं शेगडी पेटवली, कारण एवढं पातेलं स्टोव्हवर बसत नव्हतं, आणि मूठभर लवंगा टाकल्या.

पहिल्या बसनं नरसिंहराव आले. एका खांद्यावर वळकटी, दुसऱ्यावर शहाळ्यांचा घड, मनगटाला मठातून मंतरून आणलेला दोरा भावासाठी गुंडाळलेला. गुरुराज सालं टाकायला बाहेर आला होता. नरसिंहरावांनी वळकटी टाकली, शहाळी टाकली आणि त्याला मिठी मारली.

"उभा आहेस," ते म्हणाले. "अरे, उभा आहेस तू."

"अण्णा," गुरुराज म्हणाला.

"माझंच चुकलं. रात्रभर डोळा लागला नाही. कोपर तरी आलं होतं रे. तेवढ्यावर मी एवढी वर्षं..." आणि मिशीवाला, सहा फूट उंच माणूस रस्त्यात रडायला लागला.

"नाही अण्णा, मीच बोलायला नको होतं तसं," गुरुराज म्हणाला, आणि तोही रडायला लागला. सालांचं सूप दोघांच्या मध्ये चेपून गेलं. दोघं हात धरून आत आले आणि पाटावर बसले. नरसिंहरावांनी त्याच्या हाताला दोरा बांधला. मग विचारलं, "डॉक्टर काय म्हणतात?"

"अण्णा, मला काहीही झालेलं नाही," गुरुराज म्हणाला, आणि कालपासूनचं सगळं पहिल्यापासून सांगितलं. नरसिंहराव हे पहिलेच, ज्यांनी त्याला शेवटपर्यंत बोलू दिलं.

ऐकून झाल्यावर त्यांनी मिशी पुसली.

"म्हणजे तू बरा आहेस."

"हो."

"ठणठणीत."

"हो अण्णा."

"नाही," नरसिंहराव म्हणाले. "हे चालायचं नाही. तुझ्या तुंगावहिनीनं मारुतीला एकशे आठ प्रदक्षिणा बोलल्यात. गुडघे धरलेली बाई ती. कापणीला माणसं लावलेली सोडून, अख्ख्या गावाला सांगून आलोय मी. आता जाऊन काय सांगू?"

"खरं ते सांग."

"खरं? की माझ्या भावाच्या बायकोला गोड खावंसं वाटलं म्हणून मी बसमध्ये रडत आलो? ते काही नाही. बुधवारपर्यंत तरी तू आजारी राहायला पाहिजेस."

"मी आजारी पडणार नाही," गुरुराज म्हणाला.

"पडशील. थोरला भाऊ सांगतोय तुझा."

"थोरला असलास तरी. काल सर म्हणाले म्हणून आडवा झालो, आता होणार नाही."

"त्या मास्तराचं ऐकलंस आणि माझं ऐकत नाहीस. लहानपणापासून असाच आहेस तू."

"असाच म्हणजे कसा?"

दोघांचे आवाज चढले. एवढ्या वर्षांत न झालेली सगळी भांडणं बाहेर येऊ लागली. आट्यापाट्यातला एक डाव, आईनं दिलेला एक सदरा. दोघांनाही मनातून फार बरं वाटत होतं. गल्लीत मात्र एवढंच ऐकू येत होतं, की एक जण ओरडतोय "पडणार नाही" आणि दुसरा म्हणतोय "पडशील". अंबुबाईंनी हातातल्या वाती बाजूला ठेवल्या. "वात झाला," त्यांनी समोरून येणाऱ्या जगन्नाथरावांना सांगितलं. "बडबडतोय. दोन माणसांना आवरत नाहीय." दोघं लगबगीनं आत शिरले, आणि त्यांच्या मागून ओट्यावर उभी असलेली बरीच मंडळीही.

स्वयंपाकघरात वेदवतीनं झाकण काढलं. पातेलं अगदी जमलं होतं. तिनं बाहेरचा कालवा ऐकला, पातेल्याकडे पाहिलं, आणि काल संध्याकाळचा चमचा आणि गुरुराजचा उघडा जबडा तिच्या डोळ्यांसमोर आला. तिनं शांतपणे स्वयंपाकघराचं दार लावून आतून कडी घातली. मग वाडगाभर फोडी वाढून घेतल्या आणि पाटावर बसली.

बाहेर जगन्नाथराव गुरुराजला आडवं करू बघत होते, नरसिंहराव त्यांना मदत करत होते आणि गुरुराज दाराला धरून उभा होता. अंबुबाईंच्या लक्षात आलं की वेदवती दिसत नाही. त्यांनी स्वयंपाकघराचं दार ढकललं.

"वेदा? वेदा, दार उघड गं."

आतून उत्तर नाही. वेदवतीच्या तोंडात फोड होती.

"वेदा, धीर सोडू नकोस. काही वेडंवाकडं करू नकोस. आम्ही सगळे आहोत."

"वेदवती," जगन्नाथराव म्हणाले, "मी तीन म्हणेपर्यंत दार उघड." ते तीन म्हणाले. मग पुन्हा एकपासून सुरू केलं.

गुरुराज दाराजवळ गेला आणि खालच्या आवाजात म्हणाला, "झालं का?"

"थोडं राहिलंय," आतून वेदवती म्हणाली.

"थांबा," गुरुराजनं सगळ्यांना सांगितलं. "थोडं राहिलंय तिचं." तो दाराला पाठ लावून हात पसरून उभा राहिला. सरांना तो नको म्हणाला असेल तर आयुष्यात त्याच वेळी.

वेदवती सावकाश खात होती. इस्पितळातली तीच चव आहे का, हे तिला सांगता येईना. तापल्या तोंडाची चव आणि बऱ्या तोंडाची चव ताडून कशी पाहणार? पण फोड जिभेवर ठेवली की विरघळत होती, लवंग नाकात जात होती, आणि कोणी तिला औषध घे म्हणत नव्हतं. नक्की ठरवण्यासाठी तिनं दुसरा वाडगा घेतला. मग तोंड पुसलं, कडी काढली, आणि पातेलं दोन्ही हातांनी उचलून माजघरात आणून ठेवलं.

"बसा सगळे," ती म्हणाली. "भावजी, तुम्ही इकडे पाटावर. सर, तुम्ही इथं. आज हे सगळ्यांना आहे."

पातेल्यातून वाफ येत होती. मंडळी बसली. केळीच्या पानाचे द्रोण आले. अंबुबाई तेवढ्या उभ्या होत्या. दुसऱ्याच्या घरी शिजवलेलं त्या घेत नसत.

"अंबक्का, फळच आहे हे," वेदवती म्हणाली.

अंबुबाईंनी वाकून पातेल्यात पाहिलं. "फळच म्हणायचं," त्या म्हणाल्या आणि बसल्या.

पहिला घास घेतला आणि द्रोण भराभर रिकामे होऊ लागले. द्रोणाचा तळ निपटून घेणाऱ्यांचे भुरके ऐकू येत होते. जगन्नाथरावांनी तिसऱ्यांदा घेताना मान वर केली. "पण मग," ते म्हणाले, "नेमकं आजारी कोण आहे?"

"आता सगळेच," वेदवती म्हणाली आणि त्यांच्या द्रोणात आणखी दोन फोडी घातल्या.

गुरुराज निरोगी आहे हे अशा रीतीनं म्हैसुरात मान्य झालं. कृष्णराजनगरचं काय करायचं हा प्रश्न राहिला. नरसिंहराव बुधवारपर्यंत राहिले. दोघं भाऊ रोज भांडले, रोज संध्याकाळी कुक्करहळ्ळी तळ्यावर फिरून आले. शेवटी नरसिंहरावांनीच तोड काढली. गुरुराज आजारी पडणार नसेल तर न पडो. पण तो आजारी होता आणि बरा झाला असं सांगायला त्याची परवानगी लागत नव्हती. जाताना त्यांनी बरणीभर फोडी नेल्या.

गावात त्यांनी काय सांगितलं ते पुढच्या आठवड्यात कळलं. सकाळी सकाळी ओट्यावर एक अनोळखी माणूस उभा होता. त्यानं आपलं नाव शेषगिरी सांगितलं. बरोबर त्याची म्हातारी आई होती आणि हातात सफरचंदांची पिशवी.

"कृष्णराजनगरहून आलो," तो म्हणाला. "नरसिंहरावांनी पाठवलं. त्यांच्या भावाला अगदी टेकलेला असताना उठवलं म्हणे तुमच्या घरच्या सफरचंदाच्या फोडींनी. आईचा खोकला जात नाही."

"अहो, तसं काही नाही," गुरुराज सांगायला लागला. "मला मुळात काहीही..."

"किती विनय," शेषगिरी आईला म्हणाला.

म्हातारी ओट्यावर टेकली होती आणि स्वयंपाकघराच्या दिशेनं हुंगत होती. वेदवतीनं पिशवी घेतली, तिच्यात चांगली टणक, लाल फळं होती हे पाहिलं, आणि विळी काढायला आत गेली. सालं काढता काढता तिनं बाहेर हाक मारून विचारलं, "आजी, लवंग चालते ना तुम्हाला?"

"चालते," म्हातारी म्हणाली. "साखर जरा सढळ घाल, बाई. खोकल्याला बरी असते."